मागची सीट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला नियम १२३ मोटारसायकलवर मागे बसणाऱ्यासाठी आहे. त्याला धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं आवरण हवं. नियमात साडीचा उल्लेख नाही, बाईचाही नाही. पण गॅरेजवाल्यापासून शोरूमच्या मॅनेजरपर्यंत सगळे त्या आवरणाला साडी गार्डच म्हणतात आणि ते डाव्या बाजूला बसवतात. त्या सीटवर कोण बसणार आणि कशी बसणार, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. दोन्ही पाय डावीकडे, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पोर नाहीतर पिशवी.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या गाड्यांच्या जाहिराती पुन्हा काढून बघायला घेतल्या तेव्हा मी हाच एक धागा धरला: कोण कुठे बसलंय. घाटातली वळणं, पाण्याचे फवारे, बॉनेटवरून हात फिरवणारी नटी, सगळं बाजूला ठेवलं. हँडल किंवा स्टिअरिंग कुणाच्या हाती, शेजारी कोण, मागे कोण आणि चित्रात मुळीच नाही ते कोण, एवढंच बघत गेले. बाईबद्दल आणि पैशाबद्दल जाहिरातवाल्यांच्या मनात काय आहे, ते तेवढ्यावरून बऱ्यापैकी कळतं. तोंडानं ते कधी सांगत नाहीत. माणसं बसवून दाखवतात.

‘हमारा बजाज’ही १९८९चीच. ॲलेक पदमसी यांच्या लिंटास या जाहिरात एजन्सीनं केलेली ही फिल्म आजही पन्नाशीच्या पुढची माणसं हळवी होऊन आठवतात, आणि तिची चाल मलाही पाठ आहे. तिच्याआधी आकुर्डीच्या कारखान्यातल्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. लागलेला नंबर ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, घेऊन विकला जाई. लग्नाच्या बैठकीत मुलाकडची मंडळी ‘आमची तशी काही अपेक्षा नाही’ म्हणून झालं की चहाच्या दुसऱ्या कपाला स्कूटरचा विषय निघे. मुलीच्या बापानं पैसे भरलेल्या त्या स्कूटरवर मुलगी मग जन्मभर मागे बसे. जपानी कंपन्यांच्या साथीनं नव्या गाड्या बाजारात आल्या, नंबर लावणं संपत आलं, तेव्हा बजाजनं ‘आपली’ म्हणून साद घातली. निरनिराळ्या प्रांतांची, धर्मांची माणसं एका स्कूटरच्या निमित्तानं एकत्र आणली. मध्यमवर्गाला स्वतःचा एवढा गोड फोटो त्याआधी कुणी काढून दिला नव्हता. आणि त्या काळच्या स्कूटरच्या चित्रात कुटुंबाची जागा ठरलेली असे: बाप हँडलवर, थोरलं पोर पुढे उभं, आई मागे, धाकटं तिच्या मांडीवर. चौघं मावत होती याचंच कौतुक. हेल्मेट असलंच तर बापाच्या डोक्यावर.

त्याच कंपनीनं बारा वर्षांनी पल्सर आणली. साल २००१, इंजिन १५० आणि १८० सीसी, जाहिरात ओगिल्वीची आणि घोषवाक्य ‘डेफिनेटली मेल’. मधल्या काळात बरंच घडलं होतं. मोटारसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं होतं आणि हीरो होंडा पेट्रोल वाचवणाऱ्या गाड्या विकून पुढे निघून गेली होती. बजाजला स्कूटरवाल्या काकांची कंपनी ही ओळख पुसायची होती. पहिली नोकरी लागलेल्या मुलाला वडिलांची चेतक नको होती. ती आईला भाजीला नेणारी, गणपती आणणारी, गॅसचा सिलिंडर पायांत ठेवून येणारी गाडी होती. त्याला फक्त स्वतःची गाडी हवी होती. ती गरज कंपनीनं ओळखली आणि तिला ‘पुरुष’ असं लेबल लावून टाकलं. वर्गाची एक पायरी चढण्याची इच्छा होती, ती मर्दानगी म्हणून विकली गेली. धंद्याच्या हिशेबानं हे फार हुशारीचं काम होतं. पल्सरनं कंपनी सावरली, हे कुणी नाकारत नाही.

पण पल्सर कितीही पुरुष असली तरी डाव्या बाजूला साडी गार्ड घेऊनच ती विकावी लागली. नियम १२३ला घोषवाक्याशी घेणं नव्हतं. मोटारसायकलचा फोटो मात्र बहुतेक उजव्या बाजूनं काढतात. तिकडे सायलेन्सर दिसतो, साडी गार्ड दिसत नाही.

बायका दुचाकी चालवायला जाहिरात बघून लागल्या नाहीत, याला पुण्यासारखा पुरावा नाही. १९७२ साली लूना आली. मग १९८४ साली कायनेटिक होंडा आली, तिला बटण दाबलं की सुरू होणारं इंजिन होतं आणि गिअर नव्हते. किक मारायची कटकट गेली, क्लचवर हात दुखायचा तो थांबला. शिक्षिका, बँकेतल्या, एलआयसीतल्या, टेलिफोन खात्यातल्या बायका डब्याची पिशवी अडकवून निघाल्या. कुठल्याही घोषवाक्यानं बायकांना बळ द्यायच्या कितीतरी आधी ते काम एका बटणानं केलं होतं. पुढे तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे, असा जो वेश पुण्याच्या रस्त्यावर रुजला त्याची बाहेरगावच्या लोकांनी भरपूर थट्टा केली. तो ऊन आणि धूर यांवरचा बायकांनी स्वतः शोधलेला इलाज होता. कुठल्याही कंपनीच्या कल्पनेत तो नव्हता.

कंपन्या जाग्या झाल्या त्या दोन हजारच्या दशकात. हीरो होंडानं प्लेझर आणली, प्रियांका चोप्रा घेतली आणि सगळी मजा मुलांनीच का करायची, असा सवाल टाकला. ‘जस्ट फॉर हर’ नावाची फक्त बायकांसाठीची शोरूम काढली. टीव्हीएसच्या स्कूटीकडे प्रीती झिंटा होती, आणि एकदा तर स्कूटी पेप प्लस ९९ रंगांत मिळेल म्हणून गाजावाजा झाला. पुरुषाला सीसी सांगायची, बाईला रंग विचारायचा. या जाहिरातींनी काहीच बदललं नाही, असं मी म्हणणार नाही. टीव्हीवर एकटी गाडी हाकणारी मुलगी दिसणं ही तेव्हा छोटी गोष्ट नव्हती. पण ती मुलगी नेहमी कॉलेजातली, मोकळ्या केसांची, सुट्टीवर निघालेली. सकाळी सव्वासातला मुलाला शाळेच्या दारात सोडून, येताना दूध घेऊन, डबे भरून नऊला ऑफिस गाठणारी बाई कुठल्या मजेत सामील होती? तिची गाडी म्हणजे कामाचं हत्यार. कामाचं हत्यार म्हणून गाडी विकायची ती पुरुषाला, दूधवाल्याला, सेल्समनला, शेतकऱ्याला. बाईच्या कामाला जाहिरातीत गाडी लागत नाही.

*

त्या चौघांच्या स्कूटरकडे पुढे रतन टाटांचं लक्ष गेलं. पावसात भिजत निघालेलं एक कुटुंब बघून नॅनोची कल्पना सुचली, ही गोष्ट त्यांनी अनेकदा सांगितली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत त्यांनी गाडी दाखवली आणि एक लाखात मोटार देण्याचा शब्द पाळला. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत ती विक्रीला आली. पिंपरीच्या टाटा मोटर्समधल्या अभियंत्यांनी जे करून दाखवलं ते खरंच अचाट होतं: ६२३ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे, वायपर एकच, साध्या मॉडेलला आरसा एका बाजूला, चाकाला तीनच नट. नोंदणीसाठी दोन लाखांवर लोक आले. पहिले एक लाख मानकरी सोडत काढून ठरवावे लागले.

मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सर्वांत चांगल्या वर्षातही, म्हणजे २०११-१२ मध्ये, विक्री ७५ हजारांच्या आतच राहिली. जून २०१८ मध्ये कारखान्यात एक नॅनो तयार झाली. एक म्हणजे एकच. बंगालमधल्या सिंगूरला कारखान्याविरुद्ध झालेलं आंदोलन, मग गुजरातमधल्या साणंदला हलवावा लागलेला कारखाना, काही गाड्यांना लागलेल्या आगी, ही कारणं खरी आहेत. पण चाळीत, सोसायटीत, तालुक्याच्या गावात त्या वेळी लोक काय म्हणत होते ते आठवून बघा. ‘लाखाची गाडी’ म्हणत होते. दारात नॅनो उभी राहिली की शेजाऱ्याला किंमत विचारावी लागत नव्हती, ती आधीच पेपरात छापून आलेली होती. मोटार घेण्याचा अर्धा आनंद किंमत गुलदस्त्यात ठेवण्यात असतो, आणि तोच कंपनीनं काढून घेतला. सर्वांत स्वस्त गाडी असा शिक्का बसला आणि तो मारण्यात आमच्या मार्केटिंगचाही हात होता, असं पुढे खुद्द रतन टाटांनी मान्य केलं.

मला नॅनोच्या अपयशात जाहिरातशास्त्राचा सगळा पाया उघडा पडलेला दिसतो. स्कूटरवरच्या कुटुंबाला सुरक्षित जागा हवी आहे, असं इंजिनिअरनं धरलं होतं. ते कुटुंब मात्र ‘आपण स्कूटरवाले होतो’ ही आठवण मागे टाकायला मोटार घेणार होतं, आणि नॅनोची सगळी कथाच त्या आठवणीवर उभी होती. कंपनीनं पुढे जाहिरातीचा चेहरा बदलला. कुटुंब गेलं, तरुण पोरं आली, झगमग रंग आले, २०१५च्या मॉडेलला मागची डिकी बाहेरून उघडायला लागली. तोवर उशीर झाला होता. आईबाप, दोन मुलं आणि पाऊस यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली गाडी शेवटी त्यांना वगळून विकायची वेळ आली.

याच काळात मारुतीनं नेमकं उलट केलं. महागडी, अचाट यंत्रं बघून झाल्यावर सामान्य भारतीय ‘कितना देती है’ एवढंच विचारतो, अशी विनोदी मालिका केली. काटकसरीला कमीपणा न आणता तिला शहाणपणाचा मान दिला. पण तिथेही प्रश्न विचारायचा मान पुरुषाचाच राहिला. घरखर्चात पै-पै जुळवणारी बाई ॲव्हरेज विचारताना मला त्या सगळ्या मालिकेत सापडली नाही. आणि २०१५ मध्ये त्याच मारुतीनं नेक्सा नावाची वेगळी, काळ्या-पांढऱ्या सजावटीची शोरूम उघडली. ऑल्टो घेणारा आणि महाग गाडी घेणारा एका सोफ्यावर बसू नयेत, याची ती व्यवस्था.

देशातल्या किती घरांत मोटार आहे, याचा अंदाज शहरातल्या ट्रॅफिकवरून हमखास चुकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १०० पैकी जेमतेम ८ घरांत मोटार निघाली. गोवा अपवाद, तिथे ४५. म्हणजे टीव्हीवरची मोटारीची जाहिरात बघणाऱ्यांतल्या बहुसंख्यांसाठी ती वस्तूची जाहिरात नसतेच. सुखी माणूस कसा दिसतो, त्याची बायको कुठे बसते, त्याच्या घरासमोर किती जागा असते, याचा तो धडा असतो. म्हणून तो धडा कोण लिहितं, याला महत्त्व आहे.

दसऱ्याला कुठल्याही शोरूममध्ये तासभर बसावं. मी बसले आहे. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची दोन हात लांब किल्ली आणि फोटोग्राफर. औक्षण घरातली बाई करते. तिच्या हातात तबक असतं, त्यामुळे किल्लीचा फोटो कर्त्याच्या हातात. लिंबू चिरडायचा मान ड्रायव्हिंग सीटवर बसलेल्या त्याच्याकडेच. त्याआधी टेबलाशी झालेलं बोलणंही बघण्यासारखं असतं. इंजिन, टॉर्क, बायबॅक, एक्स्चेंजचा भाव त्याला सांगायचा. कर्जाच्या अर्जावर तिची सही असली, हप्त्यातला निम्मा तिच्या पगारातून जाणार असला, तरी तिच्याकडे वळून वाक्य येतं ते ‘मॅडम, कलर बघून घ्या’. सेल्समनचा दोष काढावासा वाटत नाही. त्यानंही त्याच जाहिराती पाहिलेल्या आहेत.

गावाकडे चित्र आणखी ठसठशीत. पांढरी स्कॉर्पिओ, काळ्या काचा, पुढे पुढाऱ्याच्या फोटोचा स्टिकर. नंबर ४१४१ असला तर तो ‘दादा’ वाचता यावा असा वळवून लिहिलेला. आणि मागच्या काचेवर हमखास: ‘आईचा आशीर्वाद’. बाई गाडीच्या इतकी मागे गेली की काचेच्याही बाहेर चिकटली. एसयूव्हीच्या जाहिरातींनी हा थाट इंग्रजीत आणला: डोंगर, चिखल, एकटा पुरुष, गाडीला जंगली जनावराचा दबदबा. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक याच वर्गातल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींना आयुष्यात दिसणारा सर्वांत मोठा चिखल म्हणजे पुलाखाली साचलेलं पाणी.

*

इथवर मागची सीट म्हणजे कमीपणाची जागा होती. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे पल्सर तयार होते तिथून जवळच, तिचा अर्थ उलटा होतो. तिथेच कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेन्झनं २०१७ मध्ये लांब व्हीलबेसची ई-क्लास भारतात आणली. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या देशांत हा मान पहिल्यांदा आपल्याला मिळाला. कारण सरळ आहे, इथे असली गाडी घेणारा ती स्वतः चालवत नाही. वाढवलेली सगळी लांबी मागच्या पायांना, आणि मागची पाठ ३७ अंशांपर्यंत कलणारी. माहितीपत्रकात मागच्या सीटची वर्णनं एखाद्या दिवाणखान्यासारखी.

म्हणजे दुचाकीवर मागे बाई आणि महाग मोटारीत मागे साहेब. जागा तीच, फरक एवढाच की एकीला पुढे बसता येत नाही म्हणून ती मागे आणि दुसऱ्याला पुढे बसायची गरज नाही म्हणून तो मागे. आणि साहेबाच्या पुढे जो बसलेला असतो, त्याचं काय? जाहिरातीत त्याची मान दिसते, पांढऱ्या हातमोज्यातला हात दिसतो, दार उघडताना कंबर दिसते. चेहरा फारसा दिसत नाही. बारा तास गाडीत किंवा गाडीखालच्या सावलीत काढणारा, त्या यंत्राला मालकापेक्षा नेमकं ओळखणारा, कुठल्या खड्ड्याला कसं चुकवायचं हे पाठ असणारा माणूस, आणि चालकाच्या सीटचं कौतुक मात्र कुणी त्याला सांगत नाही. ३७ अंश त्याच्या पाठीला नाहीत. ड्रायव्हर म्हणून बसलेला पुरुष आणि मागे बसलेली बाई, दोघांनाही जाहिरात एकाच कारणासाठी टाळते. पैसे त्यांच्या खिशातून येतात, असं तिला वाटत नाही.

मागच्या सीटच्याही मागे एक जागा असते. मार्च २०१३ मध्ये जेडब्ल्यूटी इंडिया या एजन्सीत फोर्ड फिगोसाठी तयार झालेली काही पोस्टर इंटरनेटवर आली. फिगोची डिकी मोठी, तुमच्या कटकटी मागे टाका, अशी कल्पना. एका पोस्टरमध्ये पुढे विजयाची खूण करणारे इटलीचे सिल्व्हिओ बर्लुस्कोनी आणि डिकीत हातपाय बांधलेल्या, तोंडात बोळे कोंबलेल्या, तोकड्या कपड्यांतल्या मुली. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या बलात्काराला जेमतेम तीन महिने झाले होते, संसदेत नवा कायदा त्याच आठवड्यात मंजूर होत होता. जगभर गदारोळ झाला. फोर्डनं आणि एजन्सीची मालक कंपनी डब्ल्यूपीपीनं माफी मागितली, एजन्सीतल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. ही पोस्टर पैसे भरून कुठेही छापलेली नव्हती. पण एका खोलीत काही सुशिक्षित माणसांनी ती कल्पना मांडली, चित्रकारानं दोऱ्या रंगवल्या, कुणीतरी छान झालंय म्हणालं, आणि त्या साखळीत कुणालाही थांबावंसं वाटलं नाही. मला पोस्टरपेक्षा ती खोली जास्त भीतिदायक वाटते.

त्यानंतर नियम आले. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातीतल्या हानिकारक लिंगभेदी साच्यांवर बंदी आली, आणि ऑगस्टमध्ये पहिल्या फटक्यात सापडलेल्या दोन जाहिरातींपैकी एक फोक्सवॅगनच्या ई-गोल्फची. अंतराळवीर, कृत्रिम पायानं लांब उडी मारणारा खेळाडू आणि शेवटी बाकावर बाबागाडीशेजारी बसलेली बाई. तक्रारी तीनच होत्या. आपल्याकडे मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं, म्हणजे आस्कीनं, जून २०२२ मध्ये अशाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वाचल्या तर शहाण्या आहेत: बाई घरकाम करताना दाखवू नका असं त्या म्हणत नाहीत, ते काम तिचंच असं सुचवू नका म्हणतात. अडचण अशी की साचा हा एका जाहिरातीत नसतो. एका जाहिरातीत नवरा चालवतोय, यात गैर काय? शंभरात नव्वदांत तोच चालवतोय, हे कुठल्या तक्रारअर्जात लिहायचं?

शेवटी पिंपरीला जावं लागतं. १९७४ साली टेल्कोनं, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सनं, पुण्याच्या कारखान्यासाठी अभियंत्यांच्या जागांची जाहिरात दिली आणि तळाशी टीप टाकली, स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी ती वाचून थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला बोलावणं आलं आणि त्या टेल्कोच्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. मोटारधंद्यातली बाईबद्दलची सर्वांत प्रामाणिक जाहिरात तीच म्हणायची, मनात होतं ते स्पष्ट छापलं होतं. आज टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्यांच्या जुळवणीची एक अख्खी लाइन बायका चालवतात. दीड हजारांवर मुली आहेत, बऱ्याच जणी छोट्या गावांतून आलेल्या. त्या इंजिन बसवतात, दारं बसवतात, डॅशबोर्ड बसवतात, पुढच्या आणि मागच्या सीटही बसवतात. त्या गाड्यांची किंमत त्यांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी आहे, हा भाग वेगळा.

देशातल्या वाहन परवानाधारकांत बायकांचं प्रमाण २०२०च्या सुमारास ७ टक्क्यांच्या आसपास होतं. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये सकाळी सहा-साडेसहाला शिकायला येणाऱ्यांत मात्र बायका पुष्कळ असतात. ‘एल’ लावलेली जुनी छोटी गाडी, मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक, रिकामा रस्ता. आठाचा आकडा काढतात, चढावर हाफ क्लचमध्ये गाडी धरतात, परीक्षा पहिल्या झटक्यात पास होतात. मग घरी येऊन बघतात तर दारात नवऱ्याची भलीमोठी एसयूव्ही असते, तिच्यावर अजून हप्ते आहेत आणि ओरखडा पडायला नको आहे. सराव सुटतो. यांतली कित्येक लायसन्स बँकेत केवायसीला लागतात तेव्हाच पर्सबाहेर निघतात.